जुनाट रोग आणि गुणाची साक्ष

नाशिकपासून २८ किलोमीटरांवर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं वसलेलें त्र्यंबकेश्वर हें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक. नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ सालीं आरंभिलेलें तेथील काळ्या पाषाणाचें देवालय १७८६ सालीं पुरें झालें, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु या क्षेत्रीं येणाऱ्या यात्रेकरूंत केवळ दर्शनासाठीं न येणारा असाही एक वर्ग आहे. ज्याच्या घरांतलें दुखणें वर्षानुवर्षें हटत नाहीं, तो येथें येऊन नारायणनागबलीचा तीन दिवसांचा विधि करून जातो. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्याचें नांव, गांव आणि कुळ नोंदलें जातें. कित्येक पिढ्यांचा वृत्तांत त्या वह्यांत सांपडतो. मात्र विधीनंतर कोणाचें दुखणें गेलें आणि कोणाचें राहिलें, याचा रकाना तेथें नाहीं. तो असावा अशी अपेक्षाही नाहीं, कारण त्या वह्यांचें प्रयोजन निराळें आहे. पण असा रकाना कोठेंच नसतां एखाद्या उपायाच्या गुणाची कीर्ति कशी पसरते, हा प्रश्न वैद्यकालाही चुकलेला नाहीं. होमिओपथीच्या इतिहासांत तो विशेष स्पष्टपणें दिसून येतो, म्हणून त्याचा विचार येथें करूं.

जुनाट रोगाचा स्वभाव प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. दमा, संधिवात, अर्धशिशी, इसब यांसारख्या विकारांना समुद्राप्रमाणें भरती-ओहोटी असते. रोगी नव्या वैद्याची पायरी चढतो तो दुखणें अगदीं असह्य झालें म्हणजे. आणि भरतीच्या त्या टोकापासून ओहोटी पुष्कळदां आपोआपच लागते. त्या वेळीं हातीं जें औषध, जो अंगारा किंवा जो नवस असेल, त्याच्या पदरीं श्रेय पडतें. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, त्यांतला हा प्रकार. शिवाय ज्याला गुण आला तो गांवभर सांगत सुटतो. ज्याला आला नाहीं तो निमूटपणें दुसरा वैद्य शोधूं लागतो. अशा रीतीनें यशाला शंभर तोंडें फुटतात आणि अपयश मुकें राहतें.

त्र्यंबकेश्वरीं देवालयाचा पाया घातला गेला त्याच १७५५ सालीं जर्मनींतील मायसेन गांवीं सॅम्युएल हानेमान याचा जन्म झाला. जें द्रव्य निरोगी माणसांत एखाद्या रोगासारखीं लक्षणें उत्पन्न करतें, तेंच अल्प मात्रेंत त्या रोगाचें शमन करतें, हें तत्त्व त्यानें १७९६ सालीं मांडलें व १८१० मध्यें 'ऑर्गॅनन' या ग्रंथांत त्याचा विस्तार केला. त्या काळचे युरोपीय वैद्य रोग्याच्या शिरा तोडून रक्त काढीत, पारा चारीत आणि जुलाबांनीं त्याला हैराण करीत. अशा काळांत ज्याचें औषध निरुपद्रवी होतें आणि जो रोग्याची हकीकत शांतपणें ऐकून घेत असे, त्या वैद्याकडे लोक वळले यांत नवल नाहीं. निदान अपाय करूं नये, हा धडा त्यानें आपल्या काळास दिला, एवढें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

परंतु जुनाट रोग त्यालाही दाद देईनात. बरे झालेले रोगी कांहीं काळानें तेंच दुखणें घेऊन परत येऊं लागले. तेव्हां १८२८ सालीं जुनाट रोगांवरील आपल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादिलें, कीं यांपैकीं बहुतेकांच्या मुळाशीं 'सोरा' नांवाचा, खरजेशीं संबंध असलेला, शरीरांत खोल दडलेला दोष असतो. आमच्याकडील कर्मविपाकाची कल्पना येथें सहज आठवते. एक उपपत्ति दुखण्याचें मूळ मागच्या जन्मांत पाहते, दुसरी दबून राहिलेल्या खरजेंत पाहते. दोहोंत सोय मात्र सारखीच आहे: गुण आला तर मूळ सांपडलें, न आला तर मूळ अधिक खोल आहे! जी उपपत्ति यशानें सिद्ध होते आणि अपयशानेंही डगमगत नाहीं, तिला अनुभवाची कसोटी लावणार तरी कशी?

ही कसोटी लावण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न न्युरेंबर्ग शहरांत १८३५ सालीं झाला. मिठाचा एक कण पाण्यांत विरघळवून तें पाणी शंभरपट, पुन्हां शंभरपट, असें तीस वेळां विरल केलें, तरी तें घेणाऱ्यास विलक्षण संवेदना होतील, असा दावा योहान याकोब रॉयटर या होमिओपथानें केला होता. त्यावर १२० हून अधिक नागरिक एका खानावळींत जमले. शंभर कुप्या सरमिसळ करून त्यांचे पन्नास-पन्नासांचे दोन वांटे केले. एका वांट्यांत बर्फाचें शुद्ध पाणी व दुसऱ्यांत तो विरल द्राव भरला, आणि कोणत्या क्रमांकाच्या कुपींत काय आहे तें लिहून कागद मोहोरबंद केला. देणारा व घेणारा दोघेही अंधारांत. तीन आठवड्यांनीं ५० जणांनीं आपला अनुभव कळविला. ४२ जणांस कांहींच जाणवलें नव्हतें. उरलेल्या ८ पैकीं ५ जणांनीं द्राव घेतला होता, तर ३ जणांनीं नुसतें पाणी!

हा प्रयोग लहान होता, आणि तो निरोगी माणसांवर झाला. तथापि त्याची पद्धति आमच्या न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाचीच आहे. औषध दिलें असतां गुण येतो एवढा अन्वय पाहून भागत नाहीं. औषध न देतां गुण येत नाहीं, हा व्यतिरेकही पाहिला पाहिजे. समजा, शंभर रोग्यांपैकीं साठ बरे झाले; तरी औषधाशिवाय त्यांतले किती बरे झाले असते हें कळेपर्यंत त्या साठांना कांहींच अर्थ नाहीं.

भारतांत ही विद्या आली ती मात्र कीर्तीच्या वाटेनें. १८३९ सालीं योहान होनिगबर्गर यानें महाराजा रणजितसिंगावर उपचार केले, ही कथा वारंवार सांगितली जाते. महाराज त्याच वर्षीं निवर्तले, हें तितक्या आवर्जून सांगितलें जात नाहीं. १८६७ मध्यें कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरानें तिचा जाहीर स्वीकार केला आणि तिला प्रतिष्ठा लाभली. पुढें १९७३ सालीं संसदेनें तिच्यासाठीं केंद्रीय कायदा केला, त्याची जागा २०२० च्या कायद्यानें घेतली. आणि १९७८ सालीं संशोधनासाठीं केंद्रीय परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रांतील होमिओपथीच्या पदवीची परीक्षा घेणारें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्यें स्थापन झालें तेंही नाशिक येथेंच, म्हणजे त्र्यंबकेश्वराच्या उंबऱ्याशींच होय.

कोणी म्हणेल, होमिओपथींत प्रत्येक रोग्याचें औषध निराळें. सर्वांना एकच गोळी देऊन परीक्षा कशी व्हावी? आक्षेप रास्त आहे, पण त्याचेंही उत्तर शोधलें गेलें आहे. इंग्लंडांत संधिवाताच्या एका जुनाट प्रकाराच्या ८३ रोग्यांवर २४ आठवडे प्रयोग झाला व त्याचें फलित २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. कांहींची होमिओपथानें सविस्तर विचारपूस केली, कांहींची केली नाहीं. कांहींना खरें औषध व कांहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली. व्यक्तीगणिक निवडलेलें औषधही त्यांत होतें. ज्यांची विचारपूस झाली त्यांना बरें वाटलें; गोळी खरी कीं निर्गुण, यानें फरक पडला नाहीं. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें ६१ विकारांवरील अभ्यास तपासले. होमिओपथीनें खात्रीनें गुण येतो असें सांगण्यास भरंवशाचा पुरावा तिला एकाही विकारांत आढळला नाहीं.

या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. रोग्याला कोणीतरी निवांतपणें ऐकून घ्यावें, ही त्याची भूक खरी आहे; आजच्या गर्दीच्या दवाखान्यांनीं ती उपाशी ठेवली, म्हणून तो अन्यत्र जातो. हा दोष आधुनिक डॉक्टरांनीं आपल्या पदरीं घ्यावा. परंतु ऐकून घेण्याचें श्रेय गोळीला देणें हा निराळाच दोष आहे. त्र्यंबकच्या डोंगरांतील एखाद्या पाड्यावरचा मधुमेही किंवा फेफऱ्याचा रोगी मजुरीचा दिवस बुडवून, एस. टी. चें भाडें देऊन येतो. गोड गोळ्यांवर विसंबून त्यानें इन्सुलिन वा नेहमींची गोळी सोडली, तर त्याची हानि भरून निघत नाहीं. निरुपद्रवी औषधाचा उपद्रव औषधांत नसतो. त्यानें खाल्लेल्या वेळांत असतो.

श्रद्धेनें विधि करणाऱ्याकडे कोणी हिशेब मागत नाहीं, आणि मागूंही नये. पण जें शास्त्र म्हणवितें, पदव्या देतें आणि रोग्याकडून फी घेतें, त्यानें हिशेब दिलाच पाहिजे. बरे झालेल्यांच्या नांवांशेजारीं बरे न झालेल्यांचीं नांवें, आणि दोहोंच्या शेजारीं ज्यांना नुसती निर्गुण गोळी मिळाली त्यांचीं, अशी नोंद ज्या रुग्णालयांत प्रामाणिकपणें ठेवली जाईल, तेथेंच गुणाची साक्ष ग्राह्य मानावी. मग ती कोणत्याही पॅथीची असो.