भांगेतला हळवा आणि गरवा

भाताचे वाण हळवे (लवकर येणारे) की गरवे (उशिरा येणारे), हे कोकणातला शेतकरी एका शब्दात सांगतो. भांगेच्या बाबतीत मात्र ‘लवकर फुलणारे वाण’ म्हणताना तीन निराळे गुण एकाच पोत्यात भरले जातात, आणि पैदासकार फसतो तो तिथेच.

पहिला गुण रात्रीचा. भांग ही लघुदिवसी वनस्पती. रात्र पुरेशी लांबल्याखेरीज ती सहसा कळी धरत नाही. फ्रान्समध्ये जुलियन तूर्न्वा यांनी १९१२ मध्ये हे याच झाडावर दाखवले. गार्नर आणि अलार्ड या संशोधकांचा याच विषयावरचा, तंबाखूवरचा गाजलेला निबंध त्यानंतर आठ वर्षांनी आला. पॉलिहाउसात रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबणीवर टाकतात, त्यामागचे तत्त्व हेच. ज्या वाणाला आखूड रात्रही पुरते, ते आधी फुलते. दुसरा गुण कळीपासून बी पिकेपर्यंतच्या मुदतीचा. तिसरा सर्वांत विलक्षण: रात्रीची वाटच न पाहता ठरावीक वय झाले की फुलणे.

या तिसऱ्या गुणाची कसोटी फिनलंडमध्ये लागली. तिथे जूनमध्ये धड अंधारच पडत नाही. सामान्य भांग कळी धरते तोवर थंडी येते आणि बी कच्चे राहते. १९९५ मध्ये रशियाच्या वाविलोव्ह संस्थेच्या संग्रहातील ३१३ आणि ३१५ या नमुन्यांपासून तिथे ‘फिनोला’ घडवले गेले. त्याचा आधीचा क्रमांक होता ३१४, म्हणजे नेमका मधला! पेरणीनंतर २५-३० दिवसांतच ते फुलू लागते. उंची मात्र बेताची, म्हणून धाग्यापेक्षा बियांसाठीच ते पेरतात.

हा वयावर फुलण्याचा गुण बहुधा अप्रभावी असतो. त्यामुळे रात्रीवर फुलणाऱ्या वाणाशी संकर केला, की पहिल्या पिढीत तो झाकला जातो. नवखा माणूस इथेच निराश होऊन बी टाकून देतो. ते पेरून त्या झाडांचा आपापसांत संकर होऊ दिला, तर दुसऱ्या पिढीत साधारण चारांत एक झाड वयावर फुलते.

निवड करतानाही एक चकवा आहे. भांगेत नर-मादी झाडे सहसा वेगळी असतात आणि नर आधी फुलतो. ‘वाफ्यात सर्वांत आधी फुललेले’ एवढेच पाहिले, तर नरच हाती लागतात. म्हणून नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात: मादीच्या पेऱ्यापाशी पांढऱ्या तंतूंची पहिली जोडी दिसली तो दिवस, नराची पहिली गोल कळी उमलली तो दिवस. परागण वाऱ्यावर होत असल्याने उशिरा येणारे नर कळी उमलण्याआधीच उपटावे लागतात. बी पिकण्याच्या मुदतीबाबत तर नराची परीक्षा थेट होतच नाही; त्याला बी धरत नाही. ती त्याच्या लेकींवरून, पुढच्या हंगामात.