बोनस की थकलेला पगार? एका कागदाचा इतिहास

गरिबी, बेघरपणा किंवा कल्याणकारी योजना यांपैकी कशावर प्रबंध करायचा विचार करत असाल, तर एक सवय आत्ताच लावून घ्या. योजनेची उद्दिष्टं वाचण्याआधी लाभार्थ्याच्या हातात नेमका कुठला कागद पडला ते बघा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या उदाहरणावरून सांगते.

पहिल्या महायुद्धात साध्या अमेरिकन सैनिकाला महिन्याला ३० डॉलर मिळत. घरी पाठवायची रक्कम आणि विम्याचा हप्ता त्यातूनच कापला जाई. मागे राहिलेल्या कामगारांची मजुरी मात्र तोवर वाढली होती. परतल्यावर सैनिकांचं म्हणणं साधं होतं : हा फरक भरून द्या. १९२४ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून कायदा केला. देशातल्या सेवेसाठी दिवसाला १ डॉलर, परदेशातल्या सेवेसाठी १.२५ डॉलर.

पण ५० डॉलरपेक्षा जास्त देणं असेल तर पैसे नाहीत, प्रमाणपत्र. आपल्याकडची वीस वर्षांची विमा पॉलिसी डोळ्यांसमोर आणा. पूर्ण रक्कम १९४५ मध्ये, किंवा त्याआधी सैनिक मेला तर वारसांना. म्हणून लोक त्याला ‘थडग्याचा बोनस’ म्हणू लागले.

मग महामंदी आली. काम गेलं, भाडं थकलं, घरं सुटली. फेब्रुवारी १९३१ मध्ये काँग्रेसने, पुन्हा नकाराधिकार डावलून, प्रमाणपत्राच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्जाची सोय केली. व्याज साडेचार टक्के, तेही चक्रवाढ. इथे थांबा आणि कागद-पेन्सिल घ्या. प्रमाणपत्र १००० डॉलरचं, कर्ज ५०० चं. तोच दर चौदा वर्षं राहिला तर १९४५ मध्ये देणं होतं सुमारे ९२६ डॉलर. म्हातारपणासाठी उरले ७४! मदत म्हणून दिलेली सोयच शिल्लक खाऊन टाकत होती. १९३२ चा मोर्चा समजून घ्यायचा असेल तर हा हिशोब आधी करायला हवा, असं माझं मत आहे. पुष्कळ पुस्तकं थेट रणगाड्यांपासून सुरू होतात.

ओरेगॉनमधल्या पोर्टलंडहून वॉल्टर वॉटर्स नावाचा बेकार माजी सैनिक आणि त्याचे सुमारे ३०० सोबती मालगाड्यांमधून निघाले. बघता बघता वॉशिंग्टनमध्ये हजारो जण जमले, काही बायकामुलांसकट. अनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यात गोरे-काळे शेजारी शेजारी राहत होते, जे तेव्हाच्या सैन्यातही नव्हतं. १७ जूनला सिनेटने रोख रकमेचा ठराव ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळला. पुढे परतीच्या तिकिटासाठी १ लाख डॉलर मंजूर झाले. तेही उसने, त्याच प्रमाणपत्रातून वळते होणारे. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक जखमी होऊन दगावले. त्याच दिवशी मॅकआर्थरच्या घोडदळाने, रणगाड्यांनी आणि अश्रुधुराने लोकांना हुसकावलं. वस्ती जळून गेली.

रूझवेल्ट आले, पण रोख रकमेला त्यांचाही विरोधच होता. त्यांनी काम देऊ केलं. काहींना फ्लोरिडाच्या बेटांवर महामार्ग बांधायला नेलं. २ सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळात तिथल्या छावण्यांमधले २५० हून अधिक माजी सैनिक मेले. सुटकेची रेल्वेगाडी उशिरा निघाली होती.

जानेवारी १९३६ मध्ये रूझवेल्ट यांचाही नकाराधिकार मोडून पैसे मंजूर झाले, आणि ऑक्टोबर १९३१ नंतरचं कर्जावरचं व्याज माफ झालं. पैसे ५०-५० डॉलरच्या रोख्यांत आले. हवे तर लगेच मोडा, नाहीतर ठेवा आणि ३ टक्के व्याज घ्या. ‘हे लोक पैसे उडवतील’ हा तेव्हाचा आवडता आक्षेप. अर्थतज्ज्ञ जोशुआ हॉसमन यांनी आकडे तपासले, तर पहिल्याच वर्षी डॉलरमागे ६० ते ७५ सेंट खर्च झालेले दिसले, त्यातला मोठा भाग मोटारी आणि घरांवर. आता मला सांगा, बेकार माणसाने कामावर जायला मोटार घेणं ही उधळपट्टी की गुंतवणूक? नुसत्या आकड्यातून ते कळत नाही. म्हणून तर इतिहास लागतो.

१९४४ चा जी. आय. कायदा याच अनुभवातून आला : बेकारांना आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे, शिवाय शिक्षण आणि कर्जाची हमी. पण हमी सरकारची, कर्ज मात्र स्थानिक बँकेचं. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या शहरांच्या एका पाहणीत अशी ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यांतली कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली किती? दोन. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. तो कागदावर सही करणाऱ्याच्या टेबलावर होता.

आजचं थोडक्यात. १९९२ पासून बेघर माजी सैनिकांसाठी भाड्याचं व्हाउचर आणि सोबत समाजसेवक अशी योजना आहे. भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेलं व्हाउचर भरतं. एका रात्रीच्या गणनेत २०१० मध्ये सुमारे ७४,००० माजी सैनिक बेघर होते, २०२४ मध्ये सुमारे ३३,०००. मात्र गरजांच्या सरकारी पाहण्यांमध्ये पोटगीची थकबाकी आणि कर्जाचा खराब इतिहास हे मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. छप्पर मिळालं तरी पगारातून कपात चालूच. तुम्हाला विषय हवा असेल तर ही कपात १९३१ च्या व्याजाशेजारी ठेवून बघा.