दोष कोणाच्या पदरी?

आमच्या मंडळाच्या दुपारच्या वाचनवर्गात यंदा मी एक परकी कथा मराठीत सांगितली. केट चोपिन या अमेरिकन लेखिकेची ती कथा १८९३ सालची, देझिरे आणि तिच्या बाळाची. लुइझियानातील एका श्रीमंत मळेवाल्याने या अनाथ मुलीशी, कुळाची चौकशी न करता, हौसेने लग्न केले. मूल झाले. काही महिन्यांनी त्याच्या वर्णात काळ्या वंशाची खूण दिसू लागली. आईबाप ठाऊक नसलेली तीच, तेव्हा दोष तिचाच, असे ठरवून नवऱ्याने तिला जाऊ दिले. बाळ उराशी धरून ती दलदलीकडे गेली, ती परतलीच नाही. शेवटी त्याच्या हाती आपल्या आईचे जुने पत्र लागते. ज्या वंशाच्या माणसांना तो गुलाम म्हणून राबवीत होता, त्याच वंशाची त्याची आई होती!

"बरी जिरली!" असे उद्गार वर्गात निघाले. मीही खूष झाले. पण घरी जाताना मनात आले, की दोष सुनेच्या पदरातून निघाला तो सासूच्या पदरात पडला, एवढेच! लेखिकेने नवऱ्याचा तोरा उतरवला हे खरे; परंतु काळे असणे हा मुळी दोषच नव्हे, असे त्या कथेत कोणी म्हणत नाही.

बाईच्या माथी दोष मारणाऱ्या लिखाणाला आपल्याकडे त्याच्या ११ वर्षे आधी जाब विचारला गेला होता. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे अपिलात फाशी टळली. मुलाला बापही होताच, पण शिक्षा एकटीला. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून, जे दुर्गुण बाईचे म्हणता ते पुरुषांत किती, याचा हिशेबच मांडला. बायकांचे कपट रंगवणाऱ्या 'स्त्रीचरित्रा'सारख्या गोष्टींच्या पुस्तकांनाही त्यांनी सोडले नाही. टीका झाली; जोतीराव फुले १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नंतर हे पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा ते आपल्या हाती आले.

वंशाच्या जागी आपल्याकडे जात आहे. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नावच पाहा: 'जेव्हा मी जात चोरली होती'. पोटासाठी जात लपवणाऱ्याकडे 'चोरी' आणि त्याला मारणारे मात्र साव! तो एक शब्द वाचून मी थबकले होते.

आता घरचे सांगते. माझी मुलगी सावळी जन्मली, तेव्हा बारशालाच कोणी म्हणाले, "हा रंग हिच्या माहेरचा." मी मान खाली घातली. पुढे काही वर्षांनी एका आत्याबाईंनी सासरच्या पणजोबांचा फोटो काढून दाखवला. पणजोबा चांगले काळेसावळे! सगळे हसले, आणि मीही जिंकल्यासारखी हसले. मुलगी तेथेच बसली होती. तिने विचारले, "आई, म्हणजे चूक पणजोबांची का?"

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. ते ताराबाईंच्या पुस्तकाने आणि त्या परक्या कथेने दिले. दोष कोणाचा हे शोधण्यापूर्वी, तो दोष आहे असे ठरवले कोणी, हे विचारावे. मुलगी आता मोठी झाली आहे. तिला मी हे सांगितले. वर्गातील भगिनींनीही पुढची गोष्ट वाचताना हा प्रश्न हाताशी ठेवावा, एवढीच विनंती.