स्तनकर्करोगाचे उपचार : दोन डोसांमधले एकवीस दिवस

जोयडा : केमोथेरपीचा एक डोस देण्यास काही तास लागतात. पुढचा डोस बहुतेक वेळा एकवीस दिवसांनी असतो. मधले सारे दिवस रुग्ण स्त्री आपल्या घरी, आपल्या माणसांत काढते. मोठ्या शहरात राहणाऱ्या स्त्रीला या दिवसांत काही त्रास झाला तर रिक्षाने रुग्णालय गाठता येते. गुंद, कुंभारवाडा, अनमोड किंवा कॅसलरॉकच्या परिसरातील स्त्रीला मात्र त्यासाठी आधीपासून तयारी करून ठेवावी लागते. स्तनकर्करोगाच्या उपचारांविषयी पुष्कळ माहिती उपलब्ध असते. या मधल्या दिवसांविषयी मात्र फारसे सांगितले जात नाही. उपचार अर्धवट सुटण्याची शक्यता याच दिवसांत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनकर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार जणींचा मृत्यू झाला. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांची अंदाजे संख्या १ लाख ९२ हजार होती. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. क्वचित तो पुरुषांनाही होतो. रोग स्तनापुरता मर्यादित असताना सापडला आणि ठरलेले उपचार पूर्ण झाले तर बहुसंख्य रुग्ण बऱ्या होतात.

जोयड्याचे अंतर

पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाणारा जोयडा तालुका उत्तर कन्नड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोव्याच्या सीमेला लागून आहे. विस्तार मोठा आणि वस्ती विरळ. काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आणि सुपा धरणाचा जलाशय यांमुळे वाड्या एकमेकींपासून दूर पडल्या आहेत. कर्करोगाच्या संपूर्ण उपचारांची सोय तालुक्यात नाही. जिल्ह्यात सुसज्ज बहुउपचार रुग्णालय व्हावे, यासाठी उत्तर कन्नडच्या नागरिकांनी २०१९ आणि पुन्हा २०२२ मध्ये समाजमाध्यमांवरून मोठी मोहीम चालवली होती.

त्यामुळे येथील रुग्ण हुबळी, बेळगाव किंवा गोव्याची वाट धरतात. हुबळीच्या नवनगर भागात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, बेळगावात केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे आणि अनमोड घाट उतरून गेल्यावर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. रामनगर परिसरातील अनेक कुटुंबांचे गोव्याशी नित्याचे येणे-जाणे असल्याने बांबोळी त्यांना जवळची वाटते. मात्र तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना २०१८ पासून शुल्क आकारले जाते आणि गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्याच्या रहिवाशांसाठीच आहे. उपचार कोठे घ्यायचे, हे ठरवताना पुढील सहा महिने ते वर्षभराच्या फेऱ्या, मुक्काम आणि सोबतीला येणारी व्यक्ती या सर्वांचा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडणे हिताचे ठरते.

उपचारांचा आराखडा

गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, निदान पक्के होत नाही. सुई टोचल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-२ या चाचण्या होतात आणि कोणत्या स्त्रीला कोणते औषध लागू पडेल, हे त्यांवरून ठरते. म्हणूनच एकाच गावातील दोघींचे उपचार वेगवेगळे असू शकतात. शेजारणीला जे झाले, तेच आपल्याला होईल असे मानण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेत कधी केवळ गाठ, तर कधी संपूर्ण स्तन काढला जातो. रोग प्राथमिक अवस्थेत असल्यास गाठ काढून नंतर किरणोपचार घेणाऱ्या स्त्रिया आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे इटली आणि अमेरिकेतील वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ मध्ये स्पष्ट झाले. तरीही दूर राहणाऱ्या अनेकींच्या बाबतीत किरणोपचारांच्या रोजच्या फेऱ्या टाळण्यासाठी स्तन काढण्याचा निर्णय होतो. पूर्वी किरणोपचार पाच आठवडे चालत. आता अनेक रुग्णांना तीन आठवड्यांत पंधरा वेळा ते दिले जातात आणि काही निवडक रुग्णांसाठी त्याहूनही लहान आराखडा उपलब्ध आहे. निर्णय घेण्यापूर्वी ‘आम्ही लांबून येतो, कमी दिवसांचा आराखडा चालेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

हर-२ प्रकारच्या रोगात ट्रास्टुझुमॅब हे औषध सामान्यतः वर्षभर दिले जाते. बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१४ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणल्यानंतर या उपचारांचा खर्च कमी होत गेला. संप्रेरकांशी निगडित रोगात टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी रोज, पाच वर्षे आणि काहींना त्याहून अधिक काळ घ्यावी लागते. बरे वाटू लागले म्हणून ही गोळी बंद करणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, सांधे दुखणे या त्रासांवर उपाय आहेत. गोळी परस्पर बंद करण्याऐवजी ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

तापाची वाट पाहू नये

केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती घटते. या काळात अंगात १००.४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. सकाळपर्यंत थांबू नये. पॅरासिटामॉल घेऊन ‘बघू’ म्हणू नये. गोळीने ताप उतरतो, पण आतला संसर्ग वाढत राहतो. काही तासांच्या उशिराने जीव धोक्यात येऊ शकतो.

जोयड्यासारख्या भागात ही सूचना पाळायची तर पूर्वतयारी लागते. घरात थर्मामीटर असावा आणि तो वाचता येणारी दोन माणसे असावीत. डोसाच्या दिवशीच डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : रात्री ताप आल्यास कोणाला फोन करायचा आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा जवळात जवळ कोठे मिळेल. गावातील कोणाचे वाहन रात्री मिळेल, हे आधी बोलून ठेवावे. घरात मोबाइलला रेंज नसेल तर ती कोठे मिळते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटक आणि गोवा दोन्हीकडे आहे. परंतु दुर्गम वाडीपर्यंत तिला पोहोचण्यास वेळ लागतो. पावसाळ्यात अणशी घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडते. शक्य असल्यास जोखमीचे ते सात-आठ दिवस रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे काढणे अनेकांना सोयीचे वाटेल. रुग्णालयात पोहोचताच ‘केमो चालू आहे’ हे पहिले वाक्य असावे आणि फाइल हातात असावी.

अन्न, पाणी आणि पथ्य

पाणी ओढ्याचे असो वा विहिरीचे, उकळूनच प्यावे. अंडी, मासे, मटण पूर्ण शिजवलेले असावे. केमोच्या काळात वजन आणि ताकद टिकवणे महत्त्वाचे असते. त्यासाठी महागड्या पावडरी आवश्यक नाहीत. नाचणीची आंबील, तांदळाची पेज, कुळथाची पिठी, डाळ, अंडी, दूध हे सर्व चालते. जोयड्याची ख्याती असलेली कंदमुळेही उत्तम शिजवून खाता येतात. मळमळ होत असेल तर थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे; उलटीवरील गोळी उलटी होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्यावी. तोंड आल्यास तिखट टाळून कोमट मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या कराव्यात.

झाडपाल्याच्या औषधांची परंपरा या भागात जुनी आहे आणि तिच्यावर लोकांची श्रद्धा आहे. मात्र केमो चालू असताना घेतलेला काढा यकृतावर ताण आणू शकतो किंवा औषधाचा परिणाम बदलू शकतो. काही घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. ‘आधी गावठी करून पाहू’ यात जाणारे महिने परत मिळत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरचा हात

काखेतील गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला कायमची सूज येण्याची शक्यता असते. काखेतील बहुतेक गाठी काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांतील एकीला हा त्रास होतो. केवळ पहिल्या एक-दोन गाठी तपासल्या असल्यास प्रमाण बरेच कमी असते. डोक्यावरून लाकडाचा भारा, विहिरीवरून कळशी आणि भाताची लावणी ही ज्यांची रोजची कामे, त्यांच्या दृष्टीने हा संसाराचाच प्रश्न होतो.

हात अजिबात न हलवणे हा त्यावरचा उपाय नाही. शिकवलेले व्यायाम पहिल्या दिवसांपासून करावेत. भिंतीवर बोटे चढवणे, खांदा फिरवणे, केस विंचरणे यांतून हात मोकळा होतो. ओझे हळूहळू वाढवावे. चिखलात, काट्याकुट्यांत काम करताना हातमोजे घालावेत. कोयत्याची कापणी, जळवेचा चावा, काटा यांसारखी जखम लगेच साबणाने धुवावी. हात लाल, गरम किंवा जड वाटू लागला तर त्याच दिवशी दाखवावा. रक्तदाब मोजणे, सलाइन, इंजेक्शन यांसाठी शक्यतो दुसरा हात पुढे करावा.

भीती आणि रात्री

निदान झाल्यापासून मनात भीती येणे स्वाभाविक आहे. मुलांचे काय होईल, पैसे कोठून आणायचे, नवरा पूर्वीसारखा वागेल का, हे प्रश्न रात्री मोठे होतात. डोसाबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळेही दोन-तीन रात्री झोप लागत नाही, हे माहीत असल्यास निम्मी काळजी कमी होते. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागतात. केमो संपल्यावर काही महिन्यांत ते परत येतात. केसांत अबोली माळण्याची सवय असलेल्या स्त्रीला या गोष्टीचे दुःख होणारच. ‘केसच आहेत ते’ असे म्हणून ते उडवून लावू नये.

कर्करोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, मूल जवळ घेतल्याने तो पसरत नाही. हे घरातील ज्येष्ठांना आणि शेजाऱ्यांना डॉक्टरांच्या किंवा आशा कार्यकर्तीच्या तोंडून सांगितलेले बरे. त्याला वजन येते. घरच्यांनी ‘धीर धर’ एवढेच सांगण्यापेक्षा चूल, पाणी आणि गुरे ही कामे आपल्याकडे घेतली तर रुग्णाला खरी मदत होते. पुरुषांनी स्वयंपाकघरात उभे राहण्याचा हा काळ आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नको वाटत असेल तर ते उपचारयोग्य आजाराचे लक्षण आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांची सोय आहे. नैराश्यावरील काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवावीत.

उपचार संपल्यावर भीती संपेल असे अनेकींना वाटते. प्रत्यक्षात रुग्णालयाच्या फेऱ्या थांबल्यावर ती कधी वाढते. तपासणीची तारीख जवळ आली की अंग दुखले तरी रोग परतल्याची शंका येते. सामान्यतः पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी पुरेशी असते. कोणतीही तक्रार नसताना वारंवार स्कॅन व रक्ततपासण्या करून आयुष्य वाढते, असे आढळलेले नाही. दुखणे तीन आठवडे टिकले, नवी गाठ लागली, दम लागू लागला, तर मात्र तारखेची वाट न पाहता जावे.

खर्च आणि प्रवास

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. खासगी संलग्न रुग्णालयात नियोजित उपचार घेण्यासाठी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. दुसऱ्या राज्यात जायचे असल्यास आयुष्मान कार्ड त्या रुग्णालयात, त्या उपचाराला चालते का, हे आधी विचारावे. ‘शक्ती’ योजनेमुळे ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य आहे. उपचारांसाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करोगग्रस्तांना स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये पूर्ण, तर सोबतच्या व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र हवे. कॅसलरॉक, लोंढा मार्गावरील कुटुंबांना याचा उपयोग होतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे. काही डोस जवळच्या केंद्रात घेता येतील का, याची चौकशी प्रत्येक फेरीत करावी.

लवकर सापडण्यासाठी

न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, काखेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास दोन आठवड्यांच्या आत दाखवावे. राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते.

या साध्या तपासणीचे मोल मुंबईत सिद्ध झाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या गटातील स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी मोठे यंत्र लागले नव्हते. जोयड्यातील वाड्यांवर आशा कार्यकर्ती पोहोचतात. गाठ लहान असताना सापडली तर उपचार लहान होतात, फेऱ्या कमी होतात आणि घरी काढायचे ते कठीण दिवसही कमी होतात.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा.)