थायलंडमधील लोककारागीर आणि डिझाइनचे शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
थायलंडमध्ये डिझाइनचे विद्यार्थी विणकर, कुंभार, वेतकाम करणारे अशा कारागिरांकडे जाऊन पारंपरिक कला शिकतात. ही पद्धती नवी वाटली, तरी तिच्यामागे मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात कारागिराचे शिक्षक म्हणून स्थान कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घराण्याकडून शाळेकडे :
जुन्या सयाममध्ये विणकामाची विद्या खेड्यापाड्यांत आईकडून मुलीकडे जाई. राजाश्रयाखालील कारागिरांचे वर्ग ‘छांग सिप मू’ या नावाने ओळखले जात. ‘छांग’ म्हणजे कारागीर. ‘गुरू’ हा शब्द थाई भाषेत ‘ख्रू’ या रूपात रूढ असून, ‘वाइ ख्रू’ या गुरुवंदनेच्या विधीत कारागीर विश्वकर्म्याचेही पूजन करतात.

राजा वजिरावुध यांच्या कारकिर्दीत (१९१०–१९२५) बँकॉक येथे ‘फो छांग’ ही कलाशाळा निघाली. ‘कारागिरांची जोपासना’ असा या नावाचा अर्थ होतो. १९२३ मध्ये सयामला आलेले इटालियन शिल्पकार कोर्रादो फेरोची यांच्या कार्यातून १९४३ मध्ये शिल्पाकर विद्यापीठ आकारास आले. तेथे १९५६ मध्ये ‘मण्डनशिल्प’ ही विद्याशाखा सुरू झाली. या शिक्षणाने कलेला प्रतिष्ठा दिली. परंतु आराखडा काढणारा आणि वस्तू घडविणारा यांच्यातील अंतरही वाढले.

बाजारपेठेचा प्रभाव :
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन व्यावसायिक जिम थॉम्प्सन यांनी थाई रेशीम परदेशी बाजारात नेले. राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने ग्रामीण कुटुंबांना हस्तकलेचे प्रशिक्षण दिले. २००१ मध्ये शासनाने ‘एक तंबोन, एक उत्पादन’ ही योजना आणली. या प्रयत्नांतून खेड्यांना पूरक उत्पन्न मिळाले. मात्र नमुना ग्राहकाच्या मागणीनुसार बाहेरून ठरू लागला, की कारागीर केवळ हुकमाप्रमाणे काम करणारा उरतो.

‘मत-मी’चे उदाहरण :
ईसान या ईशान्येकडील प्रदेशातील ‘मत-मी’ हे इकत पद्धतीचे कापड होय. त्यात बाण्याचे धागे चौकटीवर ताणून, नक्षीनुसार त्यांच्या जुड्या बांधून रंगवितात. बांधलेल्या भागावर रंग चढत नाही. पुढील रंगासाठी गाठी सोडून पुन्हा बांधाव्या लागतात. म्हणजेच विणण्यापूर्वीच नक्षी धाग्यात उतरलेली असते. कागदावर काढलेली गोलाई येथे पायऱ्यापायऱ्यांनीच साकारते, कारण धाग्यांची एक जुडी हेच नक्षीचे माप असते. हे गणित विणकर स्त्रीच्या हातात असते. ते तिच्याजवळ बसूनच शिकावे लागते.

समारोप :
विद्यार्थ्याने केवळ नक्षी उचलली, तर ती छापील कापडावर सहज उतरविता येते आणि विणकर स्त्रीच्या पदरी काहीच पडत नाही. याउलट प्रक्रिया शिकलेला विद्यार्थी तिच्या मापातच नवा नमुना रचतो. तो विणण्यासाठी तिचेच कसब लागते. म्हणून अशा शिक्षणक्रमांचे मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांवरून न करता, कारागिराला मिळालेले श्रेय, मोबदला आणि नमुना ठरविण्याचा अधिकार यांवरून होणे आवश्यक आहे.