रद्दीतली शुभेच्छा

लग्नसराई संपली की उपनगरांतील पुष्कळ घरांत एक लहानसा पेच उभा राहतो. आलेल्या लग्नपत्रिका रद्दीत घालावयाच्या खऱ्या. पण त्यांवरील गणपतीचे काय करावे? वर्तमानपत्रे निमूटपणे रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. गजाननास तेथे घालावयाला मात्र हात धजत नाही. मग गृहिणी कात्री घेते, ते चित्र कापून डब्यात जपून ठेवते, आणि दिवाळीच्या सुमारास तेच जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, भोवती जुन्या साडीच्या काठाची जर लावून बहिणीस शुभेच्छा म्हणून पाठविते. शाळेतून मुलेही असे काही शिकून येतात, आणि हा कोठूनसा आलेला नवा छंद आहे असे आपणास वाटते. वस्तुतः तो नवा नाही. आपल्याकडे शुभेच्छापत्राचा इतिहास बराचसा टाकाऊ वस्तूंचाच इतिहास आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

छापील नाताळपत्राचा जन्म लंडनचा. १८४३ साली हेन्री कोल या गृहस्थाने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे १००० प्रती छापविल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरची. गंमत अशी की, छापलेल्या या पत्रांत रंग मात्र हातानेच भरावा लागला होता.

आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले. मजकूर पाठविण्यास कार्ड उत्तम. परंतु संक्रांतीचा तिळगूळ उघड्या कार्डातून कसा जावा? त्याला लखोटाच हवा. दूरगावच्या आप्तास तिळाचे चार दाणे, दसऱ्याचे आपट्याचे पान, मंगलकार्यातील अक्षता पत्रात घालून पाठविण्याची आपली रीत होती. त्या पत्रांवर चित्र नसे. घरातील वस्तूचा एक कण हेच त्यांचे चित्र.

बरे, ज्या कागदावर हे लिहिले जाई, तो तरी कोठून येई? जुन्नर, दौलताबादजवळचा कागजीपुरा, पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही आपली कागदाची जुनी ठाणी. पेशवाईच्या दफ्तरातील पुष्कळसा कागद जुन्नरी आणि दौलताबादी आहे. तो करणारे कागदी बहुधा मुसलमान कारागीर होते, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे तागाची जुनी पोती, झिजलेले दोर व लिहून झालेली रद्दी. ती भिजवावयाची, कुटावयाची, नदीवर धुवावयाची. गवताच्या काड्यांच्या जाळीवर तिचा पातळ थर उचलावयाचा. ओला ताव सारवलेल्या भिंतीवर वाळवावयाचा. वर खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. म्हणजे ज्या पत्रात आपण मंगल इच्छा लिहीत होतो, ते पत्रच मुळी कोणाच्या तरी टाकून दिलेल्या पोत्यातून जन्मलेले असे. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला. पुण्यात पेठेतील गल्लीला नाव राहिले, धंदा गेला.

यानंतरचा प्रसंग आपल्या उपनगरातलाच आहे. राजा रविवर्मा यांचा चित्रांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या दरम्यान तो घाटकोपरास चालत असे. जर्मनीहून यंत्रे व कारागीर आले. दगडावर चित्र उतरवून एकेका रंगासाठी एकेक शिळा वापरीत, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या हजारो सारख्या प्रती निघत. घरोघरी एकच लक्ष्मी! पण ती घरी आल्यावर काय झाले, ते अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. बायकांनी त्या लक्ष्मीला जर लावली, टिकल्या शिवल्या, रेशमी चिंध्यांचे लुगडे नेसविले. अशी सजविलेली चित्रे आजही संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. यंत्राने सारख्या केलेल्या प्रती घरच्या चिंध्यांनी पुन्हा वेगवेगळ्या केल्या. लग्नपत्रिकेतील गणपतीभोवती जर लावणारी आजची गृहिणी नेमके तेच करीत असते.

विसाव्या शतकात हातकागदास पुन्हा बरे दिवस आले. गांधीजी आलेले लखोटे उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हे प्रसिद्धच आहे. १९३४ साली वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्याने हाती घेतलेल्या धंद्यांत हातकागद होता. १९४० साली पुण्यास हातकागद संस्था स्थापन झाली. तेथे सुती चिंध्यांपासून कागद होऊ लागला. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला. त्याचे कार्यालय विलेपार्ल्यास इर्ला येथे, आणि ग्रामोद्योगांचे शिक्षण देणारी त्याची कोरा संस्था बोरिवलीस शिंपोलीत. कागदीपुऱ्यात मावळलेल्या विद्येचा धागा असा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला.

ही विद्या स्वयंपाकघरात सहज साधते. रद्दीचे बारीक तुकडे रात्रभर भिजत घालावेत, सकाळी वाटून त्यांचा लगदा करावा, पसरट भांड्यातील पाण्यात तो मोकळा करून तारेच्या चाळणीवर पातळ उचलावा, जुन्या धोतराच्या फडक्यावर उपडा करून दाबावा आणि सावलीत वाळवावा. भाताच्या पेजेचा हलका हात दिल्यास शाई पसरत नाही. लगद्यात झेंडूच्या चार पाकळ्या पडल्या, तर ताव अधिकच खुलतो.

यात पैसे किती वाचतात, हा प्रश्न गौण आहे. देवनारला १९२७ पासून या शहराचा कचरा पडत आला आहे; आपल्या चार कार्डांनी तो डोंगर उतरणार नाही, हे मी जाणून आहे. पण सणासुदीस आता दूरध्वनीच्या काचेवर शंभर शुभेच्छा उमटतात आणि दुसऱ्या दिवशी आपणच त्या पुसून टाकतो. जुनी ट्रंक उघडून पाहा. तेथे एखादे पिवळे पडलेले पत्र निघेल; आपट्याच्या पानाचा चुरा झालेला असेल, पण ते जेथे ठेविले होते तेथे कागदावर त्याचा डाग असेल. पाठविणारे माणूस कदाचित आज नसेल. तो डाग मात्र त्याच्या हाताचा आहे. येत्या दिवाळीस निदान एक तरी शुभेच्छा अशी धाडावी, की जी पुसून टाकता येणार नाही.