मुसीचा पूर आणि खोऱ्याचा हिशेब

28 सप्टेंबर 1908. हैदराबादेत मुसी नदीने काठ सोडला आणि काही तासांत काठावरचे मोहल्ले वाहून गेले. सुमारे 15,000 माणसे दगावल्याचा अंदाज आहे. शायर अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात गेली. ते एकटे वाचले. अफजलगंजच्या बागेतल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी जीव वाचवला. ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात आहे.

नशिबाला दोष देऊन हा विषय संपवता आला असता. पण सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने 1909 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, पुण्याजवळ खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे अभियंते. त्यांनी केवळ शहरातला काठ पाहिला नाही, तर शहराच्या वरचे सगळे खोरे तपासले. कुठे किती पाऊस पडला, पाणी कोणत्या वाटेने आले, वाटेत तलाव किती, याचा हिशेब मांडला. खोऱ्यात 788 तलाव होते. त्यांतले 221 फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळत होते. म्हणजे शहर बुडाले ते कोसभर दूरच्या बांधांमुळेही!

त्यांच्या सल्ल्यानुसार पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात मुसीवर उस्मानसागर (1920) आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (1927) बांधून पूर्ण झाले. दरम्यान लेनर्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराचे गल्लीबोळांसह तपशीलवार नकाशे निघाले. आपला मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता.

ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबाद पुन्हा बुडाले. या वेळी पाणी शिरले ते तलावांच्या पोटात आणि नाल्यांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या वस्त्यांतही. अशा ठिकाणी घर घेणारे बहुतेक गरीब आणि मध्यमवर्गीय; आयुष्यभराची कमाई त्यांनी तिथे ओतलेली असते. प्लॉट विकताना इथे पूर्वी तळे होते, हे त्यांना कोण सांगणार?

जागा घेताना आपण सातबारा बारकाईने वाचतो. त्याच्याबरोबर गावाचा जुना नकाशाही मागून घ्यावा. मालक बदलतो, पाण्याची वाट तीच राहते.